एबीच्या घरी ओ

मी एकतीस वर्षं एफ.वाय.ला होतो. नापास होत नव्हतो, शिकवत होतो. आमच्या प्राणिशास्त्र विभागात प्राध्यापक दोनच. माझ्या आधी लागलेल्या सरांनी वरचे दोन्ही वर्ग स्वतःकडे ठेवले आणि "तुम्ही पोरांना छान सांभाळता हो" असं म्हणून पहिलं वर्ष माझ्या गळ्यात मारलं. ते निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचा. तर त्यांच्या जागी आलेले पीएच.डी. निघाले. एवढ्या शिकलेल्या माणसाला एफ.वाय. कसं द्यायचं? पोरं दरवर्षी वर सरकली, मी जागच्या जागी. बायको म्हणायची, "सगळ्यांची एटीकेटी सुटते, तुमची तेवढी सुटत नाही."

आता निवृत्त झाल्यावर खरं सांगायला हरकत नाही. मला एफ.वाय.च आवडायचं. नेवासा तालुक्यातलं आमचं कॉलेज, पोरं आसपासच्या खेड्यांतून एस.टी.नं यायची. अडलेल्या गाईचं वासरू स्वतःच्या हातानं ओढून काढलेली पोरगी माझ्यासमोर बसून गर्भाशयाची आकृती चुकवायची. मी म्हणायचो, "अगं, तू तर प्रत्यक्ष पाहिलंयस!" ती म्हणायची, "व्हय सर, पण पुस्तकातलं येगळं असंल ना." ही समजूत काढून टाकणं, एवढंच माझं काम. एकतीस वर्षं पुरलं मला ते.

बाहेरच्यांना वाटतं, प्रॅक्टिकल म्हणजे पांढरा कोट घालून दुर्बिणीत बघणं. खरं प्रॅक्टिकल आठ दिवस आधी सुरू होतं आणि ते आमच्या गफूरभाईंच्या हातात असायचं. गफूरभाई आमचे लॅब अटेंडंट. माझ्याआधी चार वर्षं लागलेले, त्यामुळे मला कायम ज्युनिअर समजायचे. लॅबच्या दारात स्टुलावर बसून त्यांनी माझं प्रत्येक लेक्चर एकतीस वेळा ऐकलं होतं. मी काही गाळलं तर खाकरायचे.

पॅरामेशियम नावाचा एक सूक्ष्म जीव पोरांना दाखवायचा असतो. तो दुकानात मिळत नाही, वाढवावा लागतो. तळ्याचं पाणी आणायचं, वाळकं गवत टाकायचं, बरणी कोपऱ्यात ठेवून द्यायची. आठवड्यानं कुबट वास सुटला की समजायचं, वस्ती झाली. गफूरभाई रोज बरणी हुंगून सांगायचे, "अजून दोन दिवस, सर." एका वर्षी कॉलेजात तपासणी समिती येणार म्हणून साफसफाई निघाली. झाडणाऱ्या मावशींनी वासाची बरणी बघितली, ओतून दिली, फिनेलनं धुतली, स्वच्छ पाणी भरलं आणि जागच्या जागी ठेवली. बाई कामाला चोख! आम्हाला पत्ताच नाही. दुसऱ्या दिवशी बावीस पोरांनी त्या पाण्याचे थेंब घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहिलं.

जर्नलं आली माझ्यापुढे. बावीसपैकी अठरा जणांना पॅरामेशियम दिसला होता. काहींना दोन-दोन. एकानं तर तो कोणत्या दिशेनं पोहतोय तेही बाण काढून दाखवलं होतं. मागच्या वर्षीच्या पोरांची जर्नलं उतरवायची, ही आमच्याकडची जुनी रीत. तिघांनी पान कोरं ठेवलं होतं. आणि एका जर्नलात एवढंच लिहिलं होतं: "काहीही दिसले नाही. पाण्याला फिनेलचा वास येतो."

ही वैशाली.

मी ते वाक्य वर्गात तीनदा वाचून दाखवलं. म्हटलं, "गाढवांनो, शास्त्र म्हणजे हे! दिसेल ते लिहायचं. न दिसलेलं लिहायचं नाही. आणि चुकलं तर व्हाइटनर फासायचं नाही, एका सरळ रेघेनं खोडायचं. खोडलेलं वाचता आलं पाहिजे, म्हणजे आपण कुठं चुकलो ते कळतं." पोरगी मान खाली घालून बसली होती. सावळी, बारीक, बोलणं कमी. तिच्या जर्नलच्या पुठ्ठ्यावर 'सुरेखा' असं नाव होतं, ते एका रेघेनं खोडलेलं आणि खाली 'वैशाली'. मला वाटलं, वा! आपलं शिकवलेलं पुठ्ठ्यापर्यंत पोहोचलं.

दुसऱ्या सत्रात रक्तगटाचं प्रॅक्टिकल आलं. हे पोरांचं सगळ्यात लाडकं आणि सगळ्यात भीतीचं. बोटाला सुई टोचायची, काचेच्या पट्टीवर रक्ताचे तीन थेंब घ्यायचे. एकात निळ्या बाटलीतलं औषध, दुसऱ्यात पिवळ्या, तिसऱ्यात पांढऱ्या. काडीनं ढवळायचं. दूध नासल्यासारख्या गुठळ्या कुठं होतात ते बघायचं. निळ्यात झाल्या तर ए, पिवळ्यात झाल्या तर बी, दोन्हीत झाल्या तर एबी, दोन्हीत नाही तर ओ. पांढरी बाटली पॉझिटिव्ह-निगेटिव्ह सांगते. दरवर्षी एक तरी गडी धाडकन पडायचा, आणि तो हमखास सगळ्यात धिप्पाड असायचा. गफूरभाई आधीच त्याच्या मागे जाऊन उभे राहायचे. कोण पडणार हे त्यांना हजेरीच्या वेळीच कळायचं.

वैशालीनं जर्नल पुढे केलं. ओ पॉझिटिव्ह. पट्टीही बरोबर होती. दुसऱ्या कुणाची असती तर दोन प्रश्न विचारले असते. पण ही फिनेलवाली! डोळे झाकून सही केली.

पंधरा दिवसांनी सकाळी लॅबच्या दारात एक गृहस्थ उभे. पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी, अंगाला गोठ्याचा वास. आल्या आल्या म्हणाले, "वैशालीचा बाप. तात्या म्हनत्यात मला. साहेब, पोरीचा गट बदलून पायजे."

मी म्हटलं, "तुकडी का? ते ऑफिसात."

"तुकडी न्हाई वो. रगताचा."

मग उलगडा झाला. वैशालीला जामखेडकडचं एक स्थळ आलं होतं. पोरगा नोकरीचा, माणसं बरी, दोन्हीकडून पसंती. आणि आपल्याकडे नवी रीत पडली आहे, बायोडाट्यावर रास, नक्षत्र आणि त्याच्या खाली रक्तगट. दोघांचा एकच आला तर लग्न मोडायचं! होणारी पोरं अधू निघतात म्हणे. कुणी काढलं हे, देव जाणे. पोराचा गट ओ पॉझिटिव्ह. पोरीनं घरी जर्नल दाखवलं, तिचाही ओ पॉझिटिव्ह. बोलणी अडली.

मी खुर्ची दिली आणि सगळं समजावून सांगितलं. एकच गट असल्यानं काही होत नाही, बाई निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असला तर बाळंतपणात डॉक्टरांना सांगून ठेवावं, बास. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते खरं असंल. पर पावन्यास्नी कोन सांगनार? तुमी आपलं ओ खोडून ए करा. न्हाईतर बी करा. माजी काय हरकत न्हाई."

"अहो तात्या, ते रक्त आहे. मला कसं बदलता येईल?"

"मंग माजं बघा," त्यांनी बोटच पुढे केलं. "बापल्योकीचं येकच असनार. तुमच्या पोरास्नी टोचता येत न्हाई नीट, त्यांनी कायतरी गोंदळ घातला असंल."

वाद मिटावा म्हणून मी टोचलं. निळ्यात गुठळ्या. पिवळ्यात गुठळ्या. एबी.

मला दरदरून घाम फुटला.

का ते सांगतो, एका मिनिटात. प्रत्येकाला गटाची एक खूण आईकडून मिळते, एक बापाकडून. एबीवाल्याकडे ए आणि बी या दोनच खुणा. पोराला तो यांपैकी एक देणारच. मग पोर ए होईल, बी होईल, एबी होईल. ओ काही झालं तरी होणार नाही. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. फळ्यावर ते फार सोपं वाटतं.

"दुसरं बोट द्या," मी म्हटलं. पुन्हा एबी. नवीन बाटल्या फोडून तिसऱ्यांदा. पुन्हा एबी. तात्या बोटं चोखत म्हणाले, "साहेब, सांजच्याला धारा काढायच्या हायती मला. दोन बोटं ऱ्हाऊ द्या."

दारातून खाकरल्याचा आवाज आला. गफूरभाई जवळ येऊन हळूच म्हणाले, "सर, एबीच्या घरी ओ?"

पहिला विचार माझ्या मनात काय आला, ते इथं लिहितो, कारण त्याची मला आजही लाज वाटते. कधी न पाहिलेल्या, चुलीपुढे राबणाऱ्या त्या माउलीवर मी मनातल्या मनात संशय घेऊन मोकळा झालो. बाटल्यांवर घेतला, बोटांवर घेतला, शेवटी बाईवर घेतला. जर्नलवर घ्यायचं सुचलंच नाही! ते सुचलं गफूरभाईंना. म्हणाले, "सर, आमची सलमा ओ आहे. दोघी एकाच बाकावर बसतात."

सलमा ही गफूरभाईंची पुतणी, वैशालीची जिवलग मैत्रीण. तात्यांना स्टाफरूममध्ये चहाला बसवलं आणि दोघींना बोलावलं. मी वैशालीला काही विचारलं नाही. सुई हातात घेतली आणि बोट पुढे कर म्हटलं. तिनं केलं. निळा थेंब गुळगुळीत राहिला. पिवळा नासला. बी पॉझिटिव्ह.

"सलमाच्या बोटातून दोन पट्ट्या?"

सलमा घाईघाईनं म्हणाली, "सर, माझं रक्त लवकर थांबतच नाही."

"तू गप!" गफूरभाई ओरडले.

मी भडकलो होतो. म्हटलं, "वैशाली, तू? अख्ख्या वर्गापुढे मी तुझं वाक्य वाचलं. लाज नाही वाटली?"

ती रडली नाही. म्हणाली, "वाटली सर. पण पोराचा गट ओ हाय हे बायोडाट्यात वाचलं हुतं. ओ लिवलं की मोडतंय."

"मग वडिलांना सरळ सांगायचं, शिकायचंय म्हणून."

"तीनदा सांगितलं. म्हनले, लग्न झाल्यावर शीक, तिकडं बी कॉलेज हाय." मग तिनं जर्नल उचलून पुठ्ठा दाखवला. "ताईला बी आसंच म्हनले हुते. हे जर्नल तिचं हाय. तिनं ॲडमिशनच्या दिवशी घेतलं, नाव घातलं आन वीस दिवसांत तिचं लग्न झालं. आतली सगळी पानं कोरी हुती, सर. मला नवीन घ्यावंच लागलं न्हाई."

मला वाटलं होतं, माझं शिकवलेलं पोहोचलं.

गफूरभाई खाकरले. म्हणजे आता बोला. मी म्हटलं, "हे बघ, जर्नलात खोटं राहणार नाही. ओ खोड, बी लिही. आणि वडिलांना तूच सांगायचं, मी शेजारी उभा राहीन." तिनं पट्टी लावून एक रेघ मारली. शेजारी बी लिहिलं.

आता यात माझी काय चूक झाली ती ऐका. तात्या आले. पोरीनं बोलायच्या आधी मला वाटलं, आपण पार्श्वभूमी तयार करावी. मास्तरांची खोड, निष्कर्षाआधी नियम सांगायचा. मी घसा साफ करून सुरुवात केली, "तात्या, शास्त्र असं सांगतं की तुमचा गट एबी असताना तुमची मुलगी ओ असूच शकत नाही."

आणि थांबलो. श्वास घ्यायला!

तात्यांच्या हातातली टोपी खाली पडली. माणूस गाई-म्हशींचा, वळूचा हिशोब मला शिकवणारा. त्याला पुढचं फळ्यावर लिहून दाखवायची गरज नव्हती. तोंडाचा रंग उतरला. "म्हंजे?" ते एवढंच म्हणाले. गफूरभाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि सवयीनं तात्यांच्या मागे जाऊन उभे राहिले.

"तात्या, पोरगी तुमचीच हाय!" वैशाली ओरडली. "रगत सलमाचं हाय!"

मग तिनं घडाघडा सगळं सांगितलं. खोटं मी लिहिलं, सरांना माहीत नव्हतं, माझा गट बी हाय, मला परीक्षा द्यायचीय, मला नर्सिंगला नाहीतर लॅबच्या कोर्सला जायचंय, ताईसारखं करू नका. तात्यांनी टोपी उचलली, झटकली. जर्नल हातात घेऊन पुठ्ठ्याकडे पाहिलं. "ही सुरेखाची वही न्हवं?"

"व्हय."

"चल घरला," ते म्हणाले. दोघं गेली. मला वाटलं, संपलं. खरा गट कळला, लग्नाची अडचण गेली, आणि ती दूर करणारा शहाणा मी! एकतीस वर्षांच्या नोकरीत मी घरी जाऊन जेवलो नाही असे दिवस थोडे, त्यातला तो एक.

सोमवारी वैशाली पहिल्या बाकावर हजर. उलगडा गुरुवारी झाला, लॅबमध्ये असताना मला फोन आला तेव्हा. पलीकडे मुलाचे मामा, जामखेडहून. भारदस्त आवाज. म्हणाले, "सर, मुलीच्या वडिलांनी कळवलं की दोघांचा गट एकच निघाला, आता नको. आम्हाला पोरगी पसंत आहे हो. म्हटलं, खात्री करून घ्यावी. तुमचा नंबर खटपट करून मिळवला. तुम्ही शास्त्राचे माणूस, खोटं बोलणार नाही. मुलीचा गट कोणता?"

म्हणजे तात्या घरी जाऊन हे बोलले होते! माझ्या हातून एबी ठरलेल्या त्या माणसानं पोरीचं खोटं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं.

समोर टेबलावर जर्नलांचा ढीग होता. वैशालीचं वरच होतं. त्यात खोडलेला ओ होता आणि शेजारी स्वच्छ अक्षरात बी. दारात गफूरभाई स्टुलावर बसून छताकडे बघत होते. मी आधी मामांना म्हटलं, "हे बघा, गट एकच असला तरी काही बिघडत नाही." ते म्हणाले, "ते राहू द्या हो सर. गट सांगा."

"ओ पॉझिटिव्ह," मी म्हटलं.

त्या गृहस्थांना मी खरं सांगितलं ते त्यांनी ऐकलं नाही, खोटं सांगितलं त्यावर विश्वास ठेवला. फोन ठेवला तर गफूरभाई गंभीरपणे म्हणाले, "सर, जर्नलात ओ दिसतो की. खोडलेला असला तरी वाचता येतो." माणूस माझी लेक्चरं उगाच ऐकत नव्हता.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. कडक म्हणून नाव होतं. वैशालीचं जर्नल चाळता चाळता त्यांचं बोट नेमकं त्या पानावर थांबलं. "ही खाडाखोड कसली?" मी खिडकीपाशी जाऊन उगाच स्लाइड पुसू लागलो. वैशाली म्हणाली, "सर, आधी चूक झाली होती. नंतर वडिलांचं रक्त तपासलं. ते एबी आले. म्हणून माझा ओ असू शकत नाही हे कळलं. मग परत तपासलं."

परीक्षकांनी चष्मा काढला. "वडिलांचं रक्त तपासून स्वतःचा निकाल पडताळलास? एफ.वाय.ला?" माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, तुम्ही यांना फार चांगलं घडवताय." गफूरभाईंना खोकल्याची उबळ आली आणि ते बाहेर गेले. पोरीला तोंडी परीक्षेत पूर्ण मार्क. मी तोंड उघडलं नाही, हे माझं दुसरं खोटं.

बाहेर लिंबाखाली तात्या मोटरसायकलवर बसून होते. पोरीनं मार्क सांगितले. तात्या मला बोटं दाखवत म्हणाले, "साहेब, तीन बोटं माजी फोडली आन मार्क हिला?" मग त्यांनी तिच्या हातातून जर्नल घेतलं. पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवला. "खोडलंय, पर सुरेखाचं नाव वाचाया येतंय आजून."

"वाचता यायलाच पाहिजे," मी म्हटलं.

तात्यांनी जर्नल पोरीला परत दिलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तिचं लेकरू आता बालवाडीत जातंय. जावईबी इरोध करनारा न्हाई, मीच कदी इचारलं न्हवतं. तिला घेता यील का वो आता कालेजात?"

"येईल. जूनमध्ये फॉर्म निघतात."

त्यांनी किक मारली. पोरगी मागे बसली. गाडी जरा पुढे गेली आणि थांबली. तात्या मान वळवून मोठ्यानं म्हणाले, "त्या फार्मावर बापाचा गट लिवायचा असंल तर मला इचारा. एबी पाझिटिव. पाठ हाय माजा."